रंग येईपर्यंत बोलायचं: १९३३ च्या 'ओझ'च्या प्रकल्प नोंदी

१० मार्च २०२४

वाचनालयाच्या बाईंचा फोन. "लग्नांचे व्हिडिओ बास झाले, यंदा सुट्टीत पोरांना एखादा सिनेमा दाखवा की." गेल्या वर्षी मी नाही म्हटलं होतं ते त्यांनी लक्षात ठेवलंय, हे आवाजावरून कळलं. हो म्हणून टाकलं.

अटी त्यांच्या तीन. पाव तासाच्या आत संपायला हवा, पोरांना मराठीत कळायला हवा आणि हक्कांची भानगड नको. तिसऱ्या अटीपायी निम्मी यादी गळाली, दुसरीपायी उरलेली. रात्री हार्ड डिस्कवरचा जुन्या कार्टूनचा फोल्डर उघडून बसलो, तर टेड एशबॉचा 'द विझर्ड ऑफ ओझ' समोर आला. साल १९३३, लांबी साडेआठ मिनिटं, संवाद जवळजवळ शून्य. डबिंग करायला नको. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगितली की झालं. (हे 'की झालं' पुढे महागात पडणार असं आत्ताच वाटतंय.)

१३ मार्च

वही घेऊन चार वेळा पाहिला.

कान्सासच्या माळावर डोरोथी आणि तिचा कुत्रा टोटो. रंग नाही. वावटळ येते, दोघांना ओझच्या मुलखात नेऊन टाकते. इथून रंग. बुजगावणं भेटतं, मग पत्र्याचा माणूस. तो अडकून बसलेला, तेल घातल्यावर हलायला लागतो. सगळे मिळून वाटेत रानातल्या जीवांची प्रेमाची नाचगाणी बघतात. मग पाचूनगरी, चिलखतं, गाडीतून मिरवणूक, आणि 'ओझच्या जादूगाराचा जयजयकार' हे काय ते एक समूहगान. जादूगार जादूचे प्रयोग करतो. त्यात कोंबडी, कोंबडीची अंडी, आणि एक अंडं असं की ते फुगायचं थांबतच नाही. शेवटी फुटतं, आतून पिल्लू. कोंबडी अंगाई म्हणते. समाप्त.

पुस्तकातला सिंह इथे नाही. चेटकीण नाही. जादूच्या चपला नाहीत. डोरोथीचं घरी परतणंसुद्धा नाही! आणि पुस्तकात जादूगार थापाड्या निघतो, ज्यावर सगळी गोष्ट उभी आहे. इथला जादूगार मात्र खरोखरच जादू करतो. म्हणजे कणाच काढून घेतलाय.

श्रेयनामावलीत कथा कर्नल फ्रँक बॉम यांच्या नावावर आहे. हे मूळ लेखक एल. फ्रँक बॉम यांचे थोरले चिरंजीव, फ्रँक जोस्लिन बॉम. वडील १९१९ सालीच गेले होते. वडिलांच्या गोष्टीतून एवढं गाळायला घरचाच माणूस लागतो.

गोष्ट म्हणून मार्क द्यायचे तर काठावर पास. अंड्याचा भाग तर कापूनच टाकावा, इतका लांबलाय. पण वावटळीनंतर रंग येतो, तिथे मी चारही वेळा खुर्चीत पुढे सरकलो. लग्नाच्या व्हिडिओत दिवसातून दहा वेळा ब्लॅक अँड व्हाइटचं कलर करणारा मी, मी पुढे सरकलो. ते एवढं एक पोरांपर्यंत पोचलं तरी बास.

१७ मार्च

रविवार. लग्न नाही, म्हणून दिवसभर रंगाच्या मागे.

१९३२ साली डिस्नेच्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज'ने तीन रंगांचं टेक्निकलर (त्या नावाच्या कंपनीची फिल्म रंगीत करायची पद्धत) कार्टूनमध्ये आणलं आणि कार्टूनसाठीचं पहिलं ऑस्कर नेलं. टेक्निकलरशी डिस्नेचा करारच होता: काही वर्षं ही पद्धत दुसऱ्या कार्टूनवाल्याला द्यायची नाही. बाकीच्यांनी दोन रंगांवर भागवायचं. दोन रंग म्हणजे एक लाल-केशरीकडचा, एक निळ्या-हिरव्याकडचा. त्यात माणसाचा चेहरा बरा निघतो, पण धड पिवळा नाही आणि जांभळा तर विसरायचा. ओझसारखी गोष्ट अशा अर्ध्या पेटीतल्या खडूंनी रंगवायची म्हणजे शिक्षाच.

एशबॉने ती घेतली नाही. तीन रंगांतच केला. मग परवान्यावरून टेक्निकलरशी वाजलं आणि चित्रपट थिएटरांत लागलाच नाही. या साडेआठ मिनिटांत एकच गोष्ट मनापासून केलेली आहे, ती म्हणजे रंग, आणि डबा बंद झाला तोही रंगापायीच. १९३५ साली याच माणसाने 'द सनशाइन मेकर्स'वर काम केलं. त्यात बुटके लोक ऊन बाटल्यांत भरतात आणि उदास मंडळींवर ओततात. पुन्हा रंगच. काही लोकांचं एकाच ठिकाणी अडलेलं असतं.

वाचता वाचता राहून राहून 'सैरंध्री' डोक्यात. सालही तेच, १९३३. प्रभात कंपनी अजून आमच्या कोल्हापुरात होती, पुण्याला हलायच्या बेतात. व्ही. शांतारामांनी कीचकवधाची गोष्ट रंगीत करायचं ठरवलं आणि छपाईसाठी जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत, आणि देशातल्या पहिल्या रंगीत चित्रपटाचा मान १९३७ च्या 'किसान कन्या'ला गेला. तिकडे परवाना आडवा आला, इकडे रसायन. १९३३ मध्ये रंगाच्या नादाला लागणं एकूण धोक्याचंच होतं. प्रभातने पुढच्याच वर्षी 'जंबू काका' नावाचं कार्टूनही काढलं होतं. ते आपल्या कार्यक्रमात बसत नाही, पण सुरुवातीला दोन वाक्यांत सांगेन. गावचं आहे, सांगायलाच हवं.

२० मार्च

बाईंनी बॉमचं मूळ इंग्रजी पुस्तक कपाटातून शोधून दिलं, वर बजावलं की पान दुमडायचं नाही.

पहिल्याच प्रकरणात कान्सास राखाडी आहे. माळ राखाडी, उन्हाने भाजलेलं गवत राखाडी, घराचा रंग उडून तेही राखाडी. काकूच्या डोळ्यांतलं आणि गालांवरचंसुद्धा सगळं राखाडी झालेलं. तो शब्द बॉमने इतक्यांदा वापरलाय की संपादकाने खोडला कसा नाही असं वाटावं. आणि डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोने १९०० च्या पहिल्या आवृत्तीत काय केलंय? २४ रंगीत चित्रं दिलीच, पण मजकुरातल्या लहान चित्रांची शाईसुद्धा मुलूख बदलेल तशी बदलली. कान्सासला मातकट-राखाडी, ओझमधल्या मंचकिन या बुटक्या लोकांच्या मुलखाला निळी, पाचूनगरीला हिरवी. पान उलटलं की देश बदलला.

राखाडी कान्सास आणि रंगीत ओझ ही १९३९ च्या हॉलिवूडपटाची कल्पना, असं मी आजवर निदान चार जणांना ठासून सांगितलंय. चौघांनाही फोन करावा लागणार. १९३९ मध्ये त्यांनी केलं ते कसबाचं काम आहे, शंका नाही: डोरोथी दार उघडते त्या शॉटमध्ये फिल्म बदललेलीच नाही, सगळं रंगीतच चित्रित केलंय, घराची आतली बाजू तपकिरी रंगवून घेतली आणि दार उघडणारी पाठमोरी मुलगी म्हणजे तपकिरी कपड्यांतली बदली नटी. पण कल्पना छापखान्यातली, एकोणचाळीस वर्षं आधीची. एशबॉने ती आधी पडद्यावर आणली आणि कुणी पाहिली नाही.

अजून एक सापडलं. पाचूनगरीत शिरताना प्रत्येकाला हिरवा चष्मा घालून कुलूप लावतात. शहर म्हणावं तेवढं हिरवं नाहीच, हिरवा आहे चष्मा! एशबॉने हे घेतलेलं नाही. आपण घ्यावं का? पोरांना जिलेटिनचे चष्मे? भाचीला विचारलं, तिने उत्तर द्यायच्या आधी कात्री आणली.

२६ मार्च

आजचं काम कंटाळवाणं होतं, पण लिहून ठेवतो, पुन्हा विसरेन.

आमची प्रत अमेरिकन व्हिडिओवरून आलेली. फिल्म सेकंदाला २४ चित्रं, तो व्हिडिओ तीसच्या आसपास. वाढीव चित्रं आणायची कुठून? तर दोन शेजारच्या चित्रांच्या ओळी एकमेकींत विणून. पाच फ्रेममधल्या दोन अशा भेसळीच्या. चालू असताना लक्षात येत नाही, पण थांबवलं की डोरोथीचा हात दोन जागी, आणि दोन्ही हातांना कंगव्यासारखे दात. सॉफ्टवेअरला ही विण उसवता येते, फक्त पाचाचा ताल कुठून सुरू होतो ते सांगावं लागतं. आमच्या प्रतीत जिथे कुणीतरी जोड दिलाय तिथे ताल चुकतो, की पुन्हा सांगा. साडेआठ मिनिटांची १२,२४० चित्रं. सगळी बघितली नाहीत, पण जोडांच्या आसपासची एकेक बघितली. रात्री डोळे मिटले तरी टोटो पळतोय.

मग रंग. कान्सासला निळसर झाक होती. पुस्तकाचा राखाडी डोक्यात बसलेला, म्हणून सगळा रंग काढून टाकला, शुद्ध करडा केला. भाची मागून म्हणाली, "मामा, हे सीसीटीव्हीचं फुटेज वाटतंय." खरं होतं. परत होतं तसं ठेवलं. जुनं काही साफ करायला बसलं की हात थांबत नाही, हा या धंद्यातला रोग आहे. मी तर ओरखडेही घालवायला घेतले होते.

३० मार्च

रंगपंचमी. लॅपटॉप प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर. काम शून्य.

९ एप्रिल

पाडवा. गुढी उभारून पेटीवाल्या आप्पांकडे गेलो. वय अठ्ठ्याहत्तर, पेठेतल्या भजनी मंडळात पन्नास वर्षं साथ. कडुलिंबाची गोळी तोंडात कोंबून म्हणाले, दाखव.

पाहून झाल्यावर म्हणाले, "अरं, ह्यात संगीत आधीच भरलंय. मी काय करू, टाळ्या वाजवू?"

संगीत कार्ल स्टॉलिंगचं आहे, हे त्यांना सांगितलं. डिस्नेच्या पहिल्या बोलक्या कार्टूनांपैकी काहींचं संगीत त्याचं, पुढे १९३६ पासून वॉर्नर ब्रदर्सकडे. त्याच्याही आधी तो कान्सास सिटीच्या थिएटरात मूकपटांना ऑर्गनची साथ करायचा. पडद्याकडे बघत वाजवायचं, पडद्यावर माणूस पडला की बोटांनीही पडायचं. आप्पांचा चेहरा बदलला. "म्हणजे आपल्यातलाच की." आपल्याकडेही मूकपटाला पडद्यापुढे पेटी-तबलाच असायचा.

मग हिशेब मांडून दाखवला. स्टॉलिंगच्या मंडळींचं मोजमाप फ्रेमचं. एक ठोका बारा फ्रेमचा धरला तर मिनिटाला १२०, दहाचा धरला तर १४४, आठचा तर १८०. चित्र काढणारा आणि वाजवणारा दोघांकडे तोच आकडा, म्हणून पाऊल आणि ठोका एकत्र पडतात. आप्पांनी बोटांवर मोजलं: बारा फ्रेमची एक मात्रा, तर केरव्याचं आवर्तन ९६ फ्रेमचं. "चार सेकंद. सरळ हाय." भाचीला हे कॅल्क्युलेटरवर करायला आप्पांपेक्षा जास्त वेळ लागला.

ठरलं असं की मूळ संगीत बारीक करायचं, वर आप्पा वाजवणार आणि मी बोलणार. पूर्ण साडेआठ मिनिटं.

१४ एप्रिल

संहिता. नावांवरच संध्याकाळ गेली.

डोरोथी ती डोरोथीच. बुजगावणं सरळ आहे. पत्र्याचा माणूसही. 'पाचूनगरी' बाईंना आवडलं, भाचीला पुस्तकी वाटलं, राहिलं. भांडण झालं ते वादळावरून. वावटळ म्हटलं की आपल्याला दिसते पाचोळा गोल फिरवणारी, फार तर वाळत घातलेलं धोतर नेणारी. ती घर कशी उचलेल? चक्रीवादळ म्हटलं तर समुद्रावरून येणारं, दोन दिवस टीव्हीवर सांगून येणारं. (बॉमने स्वतः इंग्रजीत चक्रीवादळाचाच शब्द वापरलाय, म्हणजे त्याचंही अडलेलं दिसतं.) भाची म्हणे टोर्नाडो म्हण, सगळ्यांना कळतं. आप्पा म्हणे भोवरा. शेवटी वावटळच ठेवली, पण वाढवत नेली: "एवढीशी वावटळ. पाचोळा उचलला. मग बादली उचलली. मग कोंबडीचं खुराडं..." शब्द लहान असेल तर त्याला मोठा होऊ द्यायला जागा मिळते.

राखाडी कसं सांगायचं? 'राखाडी' म्हणून भागत नाही, पोरं त्याला ग्रे म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीने तो गाडीचा झकास रंग आहे. लिहिलं ते असं:

"इथे सगळं एकाच रंगाचं. कुठल्या? रात्रीची शेकोटी सकाळी बघितली आहे का? तिच्यात काय उरतं? तो रंग. घर त्या रंगाचं, आभाळ त्या रंगाचं, आणि डोरोथीला वाटायचं, जगच त्या रंगाचं असतं."

एवढं जमलं. पुढची सहा पानं कामचलाऊ आहेत, पण आहेत.

२८ एप्रिल

पहिली तालीम. गच्चीवरच्या खोलीत, गल्लीतली सात पोरं, भिंतीवर प्रोजेक्टर.

सपशेल पडलो. मी बोलतोय, आप्पा वाजवतायत, खाली स्टॉलिंगही कुजबुजतोय. मासळीबाजार. पत्र्याच्या माणसाला तेल घालतात तिथे मी "आता त्याला तेल घातलं" असं सांगितलं. पुढे बसलेली मुलगी म्हणाली, "दिसतंय."

झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, पोरं पडद्याकडं बघतच नव्हती. तुझ्याकडं बघत होती." आप्पा पेटी बंद करत म्हणाले, "बोलणाऱ्याकडं माणूस बघणारच."

रंग आला तेव्हा मी काय करत होतो? रेकॉर्डिंग बघितलं. मी म्हणत होतो, "आणि बघता बघता सगळीकडे रंगच रंग पसरले." त्यातल्या चार पोरांच्या माना माझ्याकडे.

सहा पानं फाडली नाहीत, पण वहीच्या मागच्या खिशात गेली.

३ मे

आवाजांचं काम, हे मात्र मजेचं. गडगडाटाला नाटकवाल्यांची जुनी युक्ती: पत्रा एका कोपऱ्यात धरून हलवायचा. पातळ पत्रा हवा, जाड नुसता धपधपतो. पावसाला सुपात ज्वारी, गोल फिरवत. बाईंच्या आईंनी ज्वारी देताना मापाने मोजून दिली. वाऱ्याला लाकडी रहाटावर ताणलेलं मांजरपाट. रहाट मिळाला नाही, सायकलचं मागचं चाक उलटं करून त्यावर कापड धरलं. पॅडल जोरात मारलं की घोंगावतं, हळू मारलं की कण्हतं. चेन आवाज करते, तिला शिलाई मशीनचं तेल दिलं. (पत्र्याच्या माणसाआधी आमची सायकल.)

संध्याकाळी खराच वळीव आला, लाइट गेली, पुढचं राहिलं. भाचीने मोबाइलवर तो पाऊस रेकॉर्ड केला. लावून बघितला तर सुपातली ज्वारी जास्त खरी वाटते.

७ मे

मतदान. तालमीची खोली मिळाली नाही. बोटाला शाई लावून परत.

१२ मे

दुसरी तालीम, आता वाचनालयाच्या दालनात, अकरा पोरं. सोबत चष्मे. भाचीने पुठ्ठ्याच्या चाळीस फ्रेम कापून हिरवं जिलेटिन चिकटवलंय, कानाला लावायला रबर. दारातच वाटले. पुस्तकातल्यासारखंच, आत शिरताना चष्मा. पोरं खूश, एकमेकांचे फोटो, किंचाळ्या.

खेळ सुरू. कान्सास: हिरवं. वावटळ: हिरवी. ओझ: हिरवं. ज्या क्षणासाठी दोन महिने घातले तो आला आणि गेला, कुणाला पत्ता नाही. हिरव्या काचेतून लाल काळं दिसतं, निळं मळकं दिसतं, करडं हिरवं दिसतं. म्हणजे रंग आलाच नाही. एक मुलगा शेजाऱ्याला विचारत होता, "काय बदललं?" मी स्वतः चष्मा लावून मागे उभा होतो. मलाही कळलं नाही कुठे बदललं.

दहावीच्या भौतिकशास्त्रात मला चौऱ्याहत्तर मार्क होते.

आप्पांना मात्र हसू आवरेना. घरी जाताना म्हणाले, "बॉमसाहेबानं लोकांना चष्मा कशाला लावला होता? शहर हिरवं नाही हे कळू नये म्हणून. आपण पोरांना रंग कळू नये म्हणून लावला."

१५ मे

आज तिघांनी बसून नव्याने मांडणी केली. चष्मे दारात नाहीत, संपल्यावर. दुसऱ्यांदा लावायचा तेव्हा घाला, आणि फरक बघा.

कान्सासच्या तुकड्यात मूळ संगीत पूर्ण बंद. तिथे मी, आप्पा आणि सायकल. आप्पा तिथे चाल वाजवणार नाहीत, नुसता षड्ज धरून ठेवणार, भाता सैल, सूर मरतुकडा. वावटळ वाढते तसा पत्रा, ज्वारी, चाक, आणि माझं बोलणं घाईचं होत जाणार.

आणि रंग आल्या क्षणी सगळे बंद. मी गप्प, पेटी बंद, चाक थांबवायचं, स्टॉलिंग पूर्ण आवाजात. तिथून शेवटपर्यंत एक शब्द नाही.

हे सुचवलं आप्पांनी. मी वाट बघत होतो की ते म्हणतील मला अजून दोन मिनिटं वाजवू दे. ते म्हणाले, "पोरं ओझमधी पोचल्यावर त्यांना सांगायला तू कोण?" माझ्या सहा पानांतलं आता पाऊण पान उरलं.

फक्त अंड्यावर माझं मत बदललेलं नाही. लांब आहे. कापायला काढलं होतं, भाचीने लॅपटॉपच बंद केला. "जुन्या सिनेमाला हात लावायचा नाही असं तूच सांगतोस ना?" राहू दे.

१९ मे

खेळ. अपेक्षा तीसची, आली पन्नासच्या वर. मागे पालक उभे. बाकं कमी पडली, सतरंज्या टाकल्या. पंखे चालू ठेवले तर पडदा हलतो, बंद ठेवले तर जीव जातो. डोरोथी जरा हलली.

सुरुवातीला प्रभात, 'सैरंध्री', 'जंबू काका' यावर माझी दोन वाक्यं. एका आजोबांनी मागून मान डोलावली, बाकी कुणाला काही नाही. मग अंधार, षड्ज, राख.

"कान्सास कुठं आलं?" अमेरिकेच्या मधोमध, म्हटलं. "मधोमध म्हणजे समुद्र नाही?" नाही. "मग पोहायला?" हा संवाद संहितेत नव्हता, पण बसला चांगला.

वावटळ. भाची पॅडलवर उभीच राहिली. पत्रा बाईंनी हलवला. वाचनालयात शांतता राखा अशी पाटी त्यांच्या डोक्यावर, आणि त्या घामाघूम होऊन पत्रा हलवतायत. पुढचं एक लहान मूल रडायला लागलं, त्याला आईने उचललं. मी घाईघाईने बोलतोय, बादली गेली, खुराडं गेलं, आभाळ गेलं...

थांबलो. चाक थांबायला अर्धा सेकंद उशीर झाला, चेन कर्र वाजली. रंग आला.

सतरंजीवरून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "लाइट आली!"

आमच्याकडे लाइट गेल्यावर आणि आल्यावर अख्खी गल्ली जसं ओरडते तसं मग सगळेच ओरडले. मी आप्पांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर, नजर पडद्यावर.

नाचगाण्यांच्या भागात थोडी चुळबूळ. चिलखतांच्या मिरवणुकीला टाळ्या. आणि मग अंडं. ते फुगायला लागलं तशी आधी खसखस, मग पोरं उठून उभी, "आता फुटणार, आता फुटणार", आणि फुटत नाही, अजून फुगतं, आणि जितकं लांबतं तितकं दालन वेडं होतं. मला ते लांबलेलं वाटत होतं कारण मी एकटा, रात्री, हेडफोन लावून बघत होतो. पिल्लू बाहेर आल्यावर एकच मागणी: परत अंडं. तीन वेळा लावलं. रंगाचा तुकडा परत लावा असं कुणी म्हणालं नाही.

चष्मे घालून दुसरा खेळ. यावेळी पोरंच एकमेकांना सांगत होती, "काढ, आता काढ, आता घाल." रंग येतो तिथे अर्ध्या दालनाने चष्मे वर केले. एक मुलगी एका डोळ्याला हिरवं आणि एक डोळा उघडा ठेवून, आळीपाळीने डोळे मिटत होती. ते आम्हाला सुचलं नव्हतं.

२१ मे

आवरलं. पत्रा परत, सायकलचं चाक सरळ. पुस्तक बाईंना परत केलं, त्यांनी पानं चाळून बघितली. चाळीस चष्म्यांपैकी सव्वीस मिळाले. जिलेटिन, पुठ्ठा, रबर मिळून खर्च ३१० रुपये, वरचे दहा मी सोडले.

आप्पांना फाइल मोबाइलवर हवी होती. दोन प्रती दिल्या, एक मूळ संगीताची, एक बिनआवाजाची. दुसरी कशाला विचारलं तर म्हणाले, "घरी दार लावून."

ज्वारी बाईंच्या आईंनी मोजून घेतली. पावशेर कमी भरली. तेवढी सतरंजीत आहे म्हणे, मी झटकून आणून द्यायची आहे.